उठून गेलेल्या गड्याचा खडा

मी चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि मुलीला तिकडे पाठवायची आमच्यात पद्धत नव्हती. तरी मानवतच्या एका लहान कारखान्यात मी वीसेक वर्षं दुसऱ्यांनी बनवलेल्या खेळांना नावं ठेवण्याचं काम केलं, आणि त्याचा मला पगार मिळायचा. असं काम असतं हे ऐकून माझ्या सुनेला अजून हसू येतं. हे लिहा म्हणून सांगायला आलेल्या बाईंनाही आलं. म्हणून आधी काम काय होतं ते सांगते.

कारखाना म्हणजे कापसाच्या आडतीमागचं एक लांब पत्र्याचं शेड. आम्ही आठ बाया. सापशिडी, ल्युडो, वाघबकरी असले कागदी खेळ तिथे तयार व्हायचे आणि जत्रांत, वह्यापुस्तकांच्या दुकानांत जायचे. छापील कागद बाहेरून यायचे. आम्ही ते पुठ्ठ्यावर चिकटवायचो, वर शहाबादी फरशी ठेवायचो, वाळले की मधोमध कापडी पट्टी लावून घडी घालायचो. चिकटवायला मैद्याची खळ. तिच्यात थोडा मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. खळ कोमट असेपर्यंतच कामाची. थंड झाली की वर साय धरते, ती कागदाखाली गेली की कागदाला फोड येतात. आमचा सगळा दिवस त्या पातेल्याभोवती जायचा.

नावं ठेवण्याचं काम माझ्याकडे आलं ते एका सापामुळे. मालकांनी कुणाकडून तरी नवी सापशिडी काढून घेतली होती. मी कागद चिकटवत होते. एक शिडी वर गेली होती ती थेट एका सापाच्या तोंडात, आणि त्या सापाची शेपटी त्याच शिडीच्या पायथ्याशी. मी मालकांना हाक मारली.

"मालक, हा माणूस घरी कधी जाणार?"

त्यांनी बघितलं, दोनदा बोट फिरवलं आणि कपाळाला हात लावला. सगळे कागद छापून झाले होते. तेव्हापासून कुणीही नवीन खेळ आणला की मालक म्हणायचे, "आधी बाईपुढं ठेवा."

माझी रीत साधी होती. दुपारी भाकरी खाऊन झाली की मी खेळ बायांपुढे ठेवायची आणि तोंड फिरवून दूर बसायची, मधूनच चोरून बघायची. नियम सांगायचे नाहीत. बायांनी विचारलं तर "मला काय माहीत" म्हणायचं. मी स्वतः कधी खेळायची नाही. खेळायला बसलं की आपला डाव दिसतो, खेळ दिसत नाही. आणि ज्यानं खेळ बनवला त्याला दाराबाहेर बसवायचं. हे फार महत्त्वाचं. बनवणारा माणूस जवळ असला की तो बोलत राहतो. "अहो, तसं नाही, इथून असं जायचं." गिऱ्हाइकाच्या घरी डब्यातून हा माणूस जाणार आहे का?

नंतर मी त्याला आत बोलवायची. चांगला किंवा वाईट हे शब्द मी वापरले नाहीत. चांगला म्हटलं की माणूस पुढचं ऐकत नाही, वाईट म्हटलं तरी ऐकत नाही. कुठल्या घरावर बायांचा हात थांबला, कुठे एकमेकींकडे बघितलं, कुठे एकीनं जांभई दिली, एवढंच सांगायची. काय दुरुस्त करायचं ते त्याचं त्यानं बघायचं.

माणसं नाना तऱ्हेची यायची. एक निवृत्त तलाठी आले. त्यांच्या खेळात पुढच्या घरात जायला आधी सातबारा लागायचा, मग फेरफार, मग सही. दोन फेऱ्यांत आमच्या तीन बाया पोत्यावर आडव्या झाल्या. तलाठी म्हणाले, "पण हे सगळं अगदी खरं आहे." मी म्हटलं, "म्हणूनच झोपल्या."

पाथरीकडचे एक कीर्तनकार पापपुण्याचा पट घेऊन आले. चित्रं सुरेख. आमच्यातली गयाबाई सगळ्यात वडील आणि तोंडानं फटकळ. तिनं पट उलटासुलटा करून बघितला आणि दाराबाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं, "महाराज, पाप करायला निस्त्या बायाच बसविल्यात. पुरुषाचं पाप कोण्या घरात हाय?" महाराज पट गुंडाळून गेले ते परत आले नाहीत. तिथे माझं बोलायचं काम उरलंच नव्हतं.

आता ज्या खेळासाठी हे लिहायला बसले तो सांगते. देवराव कंपाउंडर नावाच्या माणसानं तो केला होता. एका दवाखान्यात बायकांच्या क्षयाच्या वॉर्डात तो सुया द्यायचा, गोळ्या वाटायचा. दवाखाना कुठला ते लिहीत नाही, आता तिथे वेगळी माणसं आहेत. त्या खेळावर काय अवलंबून होतं ते मला फार उशिरा कळलं आणि त्यानं नुकसान झालं, म्हणून तुम्हाला आधीच सांगते. क्षयाच्या बाईला तेव्हा सहा महिने वॉर्डात ठेवायचे. दोन महिन्यांत खोकला थांबायचा, अंगावर मांस यायचं, आणि बाईला वाटायचं आपण बऱ्या झालो. दिवसभर खाटेवर बसून करायचं काय? मग ती उठून घरी जायची, गोळ्या बंद व्हायच्या, आणि वर्षभरात परत यायची ती औषध लागू न पडण्याच्या अवस्थेत. देवरावला या बाया सहा महिने बसवून ठेवायच्या होत्या. त्यात पुढे राणीसावरगावची सुमन म्हणून एक विशीतली सून आली. तिच्या दोन्ही फुप्फुसांना डाग होते. ती अर्ध्यात उठली असती तर जगली नसती, असं डॉक्टरांनी देवरावला सांगितलं होतं.

वॉर्डाबद्दल एक अक्षरही त्यानं मला पहिल्यांदा सांगितलं नाही.

आषाढात तो कापडाची घडी काखेत घेऊन आला. बारीक माणूस, बोलणं हळू. कापडावर दोऱ्यानं वाट शिवलेली. वेशीपासून निघालेली वाट बांधावरून, चिंचेखालून, ओढ्यातून वळत वळत मधल्या विहिरीपर्यंत जात होती. पाच जणींना पाच खडे, गोदावरीच्या पात्रातले, वेगवेगळ्या रंगाचे. चार कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितकी घरं चालायचं. कुणी कुणाला मारायचं नाही. एका घरात दोघी आल्या तर दोघींनी एक पाळी तिथेच बसायचं. आणि विहिरीवर कितीही आधी पोचलं तरी पाणी काढता येत नाही. पाचही जणी आल्या की सगळ्यांचं पाणी एकदम निघतं. डाव संपला. जिंकलं कुणी नाही, हरलं कुणी नाही.

मी तो बायांपुढे ठेवला आणि पाठ फिरवून बसले. माझा हिशोब सोपा होता. खेळ चांगला असला की पाचव्या मिनिटाला शेडमध्ये आरडाओरडा होतो. कुणी तरी कुणाला तरी चोर म्हणतं. इथे काहीच ऐकू येईना. कवड्यांचा आवाज, मध्येच गयाबाईचं "बस गं माझ्यापाशी चिंचंखाली," आणि पुन्हा कवड्या. मला वाटलं, कंटाळल्या.

मग गयाबाईच्या घरून निरोप आला, पाहुणे आलेत म्हणून. ती उठून गेली. बाकीच्या चौघी विहिरीपाशी आपापले खडे ठेवून बसून राहिल्या. मी वळून बघितलं.

"काय झालं?"

"गया येईस्तोवर पाणी निघत न्हाई ना."

"मग उठा की."

"आता एवढं आलाव तर थांबताव."

मी पातेल्याकडे गेले तर खळीवर बोटभर साय. सगळी खळ वाया. मी त्या चौघींना चांगलं झापलं आणि देवरावला आत बोलावलं.

"आवाज नाही," मी म्हटलं. "कुणी हसलं नाही, भांडलं नाही. हा जत्रेत पोरं घेणार नाहीत. आणि एक मोठी खोट आहे. पाचातली एक उठून गेली की चौघी अडकतात. ते आधी काढा."

"बाकी तुमी म्हणाल ते करतो अक्का," तो म्हणाला. "ओढा छोटा करतो. वाट कमी करतो. ते तेवढं ऱ्हाऊ द्या."

"का?"

"ऱ्हाऊ द्या."

"तीच तर खोट आहे. एक उठली तर बाकीच्यांनी काय करायचं?"

"म्हणून तर कुणी उठणार न्हाई," तो म्हणाला.

मला वाटलं, हा हट्टी माणूस आहे. आपलं शिवलेलं उसवायला कुणालाच आवडत नाही. मालकांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणून सांगितलं. देवरावनं कापडाची घडी घातली, "येतो अक्का" म्हणाला आणि गेला. मी खळ पुन्हा शिजवायला ठेवली. ज्या खेळापायी आठ बायांच्या कारखान्यात खळ थंड झाली, तो खेळ पडला असं मी सांगितलं. इतकी वर्षं त्या खळीपाशी काढून मला त्या सायीचा अर्थ लागला नाही. मी आवाज मोजत होते.

पाच महिन्यांनी, कापूस वेचणीच्या दिवसांत, तो पुन्हा आला. या खेपेला काखेत काही नव्हतं.

"अक्का, तुमचं बरोबर होतं. डाव अडलाय."

मग त्यानं सगळं सांगितलं. वॉर्ड, सहा महिने, सुमन. त्यानं स्वतःच शिवलेल्या कापडावर बाया रोज दुपारी खेळत होत्या. डाव दोन-दोन दिवस चालायचा. अर्ध्या डावातून उठलं तर बाकीच्या अडकतात, म्हणून बाया आज जाते उद्या जाते करत थांबत होत्या. त्यांच्यातली हौसाबाई नावाची बाई अकरा दिवसांपूर्वी वारली. तिचा खडा ओढ्याच्या अलीकडे राहिला. तेव्हापासून कुणी कापडाला हात लावत नव्हतं. एक बाई आदल्या दिवशी घरी निघून गेली होती आणि सुमनच्या सासऱ्याचा निरोप आला होता, न्यायला येतो म्हणून.

"हे आषाढात का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"क्षयाच्या वॉर्डातला खेळ म्हटल्यावर तुमच्या बायांनी हात लावला असता?"

नसता लावला. मीही लावला नसता.

"तुमाला दाखवलं ते नवं शिवलेलं होतं," तो म्हणाला. "तेवढं पाप न्हाई केलं."

मधल्या पाच महिन्यांत किती बाया उठून गेल्या ते मी विचारलं. तो म्हणाला, तीन. खेळाचे पट छापून आले असते, वॉर्डातल्या सगळ्या खाटांना पुरले असते, तर त्या थांबल्या असत्या का? मला माहीत नाही. त्यानंही तसं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेले. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाची वर्षं होती. एसटी निघाली तर पोचेल का, आणि पोचली तर परत येईल का, हे स्टँडवरच्या साहेबालाही सांगता यायचं नाही. आम्ही पोचलो.

बाया उन्हाला व्हरांड्यात बसल्या होत्या. मध्ये कापड. विहिरीच्या कडेला चार खडे, ओढ्याअलीकडे एक पांढरा. झाडणारी बाई कापडाच्या भोवतीनं झाडून गेली होती, कडेला धुळीची रेघ दिसत होती.

"तुमच्यातल्या एकीनं तिचा खडा पुढं न्यावा, डाव संपवावा," मी म्हटलं.

एक म्हातारी पदर तोंडाला लावून म्हणाली, "गेलेल्या बाईचा खडा आमी उचलावा? लगीच आमचा नंबर लागल की, माय."

ते मला पटलं. ती भीती खोटी म्हणून चालणार नव्हतं, त्या तिथेच पडून होत्या. मी जरा विचार केला आणि देवरावला म्हटलं, "असा नियम घाला. उठून गेलेल्या गड्याचा खडा, ज्याचा स्वतःचा खडा कापडावर नाही त्यानं न्यायचा. वाटेनं जाणाऱ्या कुणीही. पाहुण्यानं, झाडणारीनं."

देवराव 'लिहून घेतो' म्हणाला आणि सुईच्या वेळेला आत गेला. तेवढ्यात सुमनचा सासरा आला.

धोतर, डोक्याला पटका, हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी. दांडगा माणूस. शेत बरंच असावं. सुमननं पदर पुढे ओढला.

"चल गं," तो उभ्यानंच म्हणाला. "कापूस फुटून खाली पडायलाय. दिसायलीस तर चांगली धडधाकट."

"डाव अडलाय मामा," सुमन खाली बघून म्हणाली. सासऱ्याला ती मामा म्हणायची. "डाव उरकल्याबिगर उठायचं न्हाई, असा नेम हाय."

"कुणाचा नेम?"

तिनं माझ्याकडे बोट केलं. "ह्या बाईचा."

तो नेम काढून टाका असं मीच सांगितलं होतं. पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

म्हाताऱ्यानं मला वरून खाली बघितलं. "तुमी डाक्टर हाव का?"

"नाही," मी म्हटलं. "मी खेळ तपासते."

तो हसला. सरळ तिचा हात धरून नेली असती, पण देवराव आतून आला तो हे सांगतच आला की स्टँडवर एसट्या थांबल्या, शहरात बंद सुरू झालाय.

"पुन्ना तेच नामांतर," म्हातारा म्हणाला. "मग आता करू काय मी?"

"बसा," सुमन म्हणाली. "एक खडा मागं ऱ्हायलाय. तुमचा सोताचा खडा न्हाई, तुमालाच चालतंय. कवड्या टाका, डाव उरका, मंग मी येते."

त्याला ते सोपं वाटलं असावं. तो काठी आडवी ठेवून बसला आणि कवड्या टाकल्या. तीन पडल्या. खडा उचलायला हात पुढे केला आणि थांबला.

"कुणाचा हाय?"

"हौसाबाईचा. गेली ती."

"कुण्या गावची?"

सुमननं गाव सांगितलं.

"आडनाव?"

तिनं आडनाव सांगितलं. त्या वर्षांत आमच्याकडे आडनाव कळलं की पुढचं बोलणं आपोआप ठरायचं. त्यानं हात मागे घेतला. मी त्याला नावं ठेवत नाही. आमच्या शेडमध्येही माठ एक आणि पेले दोन होते, आणि मी सगळ्या खेळांतल्या खोटी काढत असे, त्या पेल्यांबद्दल कधी बोलले नाही.

मग त्यानं काठी उचलली आणि तिच्या टोकानं खडा तीन घरं पुढे ढकलला.

सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. देवरावही. "अक्का, चालतंय का असं?"

"कशानं सरकवायचा ते नियमात सांगितलेलं नाही," मी म्हटलं. "चालतंय."

त्यानं पुन्हा कवड्या टाकल्या. त्या मात्र तो बिनधास्त मुठीत घेत होता, हलवत होता, फुंकर मारत होता. त्याच कवड्या हौसाबाईनं रोज टाकल्या होत्या. त्याला ते सुचलं नाही आणि मी सांगायला गेले नाही. एकदा एकही उताणी पडली नाही तेव्हा तो "आईला" म्हणाला आणि म्हातारी पदराआड हसली. ओढा ओलांडला. पुढची वळणं झाली. शेवटी पांढरा खडा काठीच्या टोकानं विहिरीच्या कडेला लागला आणि पाचांचं पाणी निघालं. बाया जरा सैल झाल्या. एकीनं नाक पुसलं.

"झालं?" म्हातारा म्हणाला. "भर पिशवी."

आता तिच्याकडे काहीच कारण उरलं नव्हतं. देवराव काही बोलायला गेला, मी त्याला हातानं थांबवलं. खेळताना बनवणाऱ्यानं बोलायचं नाही.

सुमननं पाचही खडे गोळा केले आणि एक एक करून वेशीवर मांडले. पांढरा सासऱ्याच्या बाजूला ठेवला.

"आणिक एक डाव, मामा," ती म्हणाली. आता तिनं मान वर केली होती. "हौसाबाईचा खडा तुमचा. ह्या डावाला हातानं उचला. मंग मी पिशवी भरते."



"अन् न्हाई उचलला तर?"

"तर डाव अडून ऱ्हाईल. मी हितंच हाय."

"चार म्हैने झाले तू ह्यांच्यासंगं जेवायलीस?"

"एकाच पंगतीत. हौसाबाईची खाट माझ्या बाजूची. माझं डोकं तिनं विंचरलं, तिचं मी विंचरलं."

म्हातारा तिच्याकडे बघत होता. चिडला होता का? असावा. मला तर तो घरी नेऊन हिला कुठे बसवायची याचा विचार करतोय असंच वाटलं. मग तो काठी टेकून उठला. पिशवीतून फडक्यात बांधलेल्या भाकरी काढल्या आणि व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवल्या, तिच्या हातात दिल्या नाहीत.

"किती दिस ऱ्हायले म्हंता हिचे?" त्यानं देवरावला विचारलं.

"दोन महिने. पुढं घरी गोळ्या."

"होऊ द्या पुरे," तो म्हणाला आणि एसट्या बंद असताना स्टँडकडे चालू लागला.

त्याचं मन बदललं असं मला वाटत नाही. त्याला खडा उचलायचा नव्हता, आणि ज्यांचे खडे उचलायचे नाहीत त्यांच्या पंगतीतली सूनही त्याला लगेच घरात घ्यायची नव्हती. सुमननं हे ओळखलं आणि त्याच्यावर डाव टाकला. ती दोन महिने राहिली. मग नवरा येऊन तिला घेऊन गेला. गोळ्या तिनं पुऱ्या केल्या. आज ती नातवंडांची आजी आहे, हे मला तिच्या गावच्या माणसाकडून कळतं.

मानवतला परत आल्यावर मी मालकांना सांगितलं, माझं चुकलं, हा खेळ छापा. इतक्या वर्षांत एवढं एकदाच सांगितलं, म्हणून त्यांनी छापला. जत्रेत तो फार चालला नाही. दवाखान्यांत थोडा गेला. त्यानंतर कुणीही खेळ आणला की दाराबाहेर बसवायच्या आधी मी विचारायची, कुणासाठी केलाय?

छपाईच्या आधी देवराव नियमांचा कागद घेऊन आला होता. उठून गेलेल्या गड्याचा नियम त्यानं शेवटी घातला होता. त्याच्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "अक्का, हितं 'हातानं उचलून' असं घालू का? पुन्ना कुणी काठी लावायची न्हाई."

मी कागद हातात घेऊन तो नियम पुन्हा वाचला. ते लिहिणं बरोबर होतं. कुणीही शहाण्यानं तेच सांगितलं असतं.

"नको घालू," मी म्हटलं. "तो शब्द आधीपासून असता तर म्हातारा पहिल्याच डावाला, पंगतीचं बोलणं निघायच्या आधीच उठला असता, आणि जाताना पोरीला घेऊन गेला असता."

छापलेल्या नियमांत तो शब्द नाही.